बेडकाची साक्ष

‘मला दिवस गेलेत’ असं सरळ सांगत आत आलेल्या बायका मी हाताच्या बोटांवर मोजून दाखवीन. कोल्हापूरच्या राजारामपुरीत एका किराणा दुकानाच्या डोक्यावर माझं प्रसूतिगृह होतं. खाली मिरचीचा खकाणा, वर डेटॉलचा वास. तो जिना चढून बायका यायच्या आणि म्हणायच्या, ‘‘बाई, पोटात वायगोळा धरलाय.’’ कुणाला उष्णता झालेली असायची, कुणाला पित्त, कुणाला लग्नाच्या पंगतीतलं बाधलेलं. एकीनं तर मला बजावलं होतं की तिला फक्त चिंच खाल्ली की बरं वाटतं, तेव्हा मी तिला चिंचच लिहून द्यावी. हव्या असलेल्या बातमीला बायका लाजतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. ध्यानीमनी नसलेल्या बातमीचं मात्र त्या नावच काढत नाहीत. नाव काढलं नाही तर ती आल्या वाटेनं परत जाईल, असं वाटत असावं.

डॉक्टरीण म्हणून एवढी वर्षं काय केलंत, असं कुणी विचारलं तर मी सांगते, निम्मा वेळ बाळंतपणं केली आणि निम्मा वेळ तारखा विचारल्या. ‘‘शेवटची पाळी कधी आली?’’ या प्रश्नाला कॅलेंडरातलं उत्तर क्वचितच मिळायचं. ‘‘थोरल्या जावंची म्हस व्याली न्हवं का, त्येच्या दुसऱ्या दिशी.’’ मग ती म्हैस कधी व्याली याचा तपास. करवीर तालुक्यातल्या म्हशींच्या वेतांची जितकी माहिती मला होती तितकी जनावरांच्या डॉक्टरलाही नसेल.

आता घरबसल्या पट्टीवर दोन रेघा उमटतात आणि काम भागतं. त्या काळी आमच्याकडं हे काम बेडूक करायचा. थट्टा करत नाही. बाईची सकाळची लघवी बाटलीतून लॅबला जायची. तिथं ती नर बेडकाच्या कातडीखाली टोचायची. बाई गरोदर असेल तर तिच्या लघवीतल्या द्रव्याचा परिणाम होऊन काही तासांत बेडकाच्या लघवीत त्याचे स्वतःचे शुक्रजंतू उतरायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसायचे. मग बेडकाला विश्रांती देऊन पुन्हा कामावर घ्यायचं. उन्हाळ्यात बेडकांची टंचाई. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरचे लॅबवाले डॉक्टर एप्रिल-मे महिन्यांत ‘बेडूक रजेवर आहेत’ असा निरोप पाठवायचे. ही भानगड बायकांना कुठून तरी कळलेली होती. रिपोर्ट विचारायला आलेली बाई दारातूनच म्हणायची, ‘‘बेडूक काय म्हनला, बाई?’’

एवढं हसून झालं, आता एक न हसण्याजोगी गोष्ट सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. कायदा यायच्या आधी नको असलेलं मूल पाडणं हा गुन्हा होता. म्हणून बायका ते करत नव्हत्या असं नाही. त्या चोरून करत होत्या. कुणीतरी कुठलीतरी मुळी घालायची, काडी घालायची, आणि ताप फणफणला की मग आमच्या जिन्यावर आणून ठेवायचे. मलकापूरकडची एक अशी आली होती. चार लेकरांची आई. मी आणि आमच्या सिस्टरनं हातपाय मारले, मोठ्या दवाखान्यात पाठवलं, पण ती राहिली नाही. तिचा नवरा जिन्याच्या पायरीवर बसून म्हणत होता, ‘‘मला सांगितलं असतं तर मी न्हाय म्हनलो नसतो.’’ ते ऐकून काय करायचं असतं ते मला अजून कळलेलं नाही.

बाहत्तर साली कायदा लागू झाला. मंजुरी असलेल्या जागी, शिकलेल्या डॉक्टरकडून, ठरावीक मुदतीच्या आत हे उघडपणे आणि नीट करता येऊ लागलं. बाईच्या तब्येतीला धोका असेल तर करता येत होतं, आणि लग्न झालेल्या जोडप्यानं संततिनियमनाचा उपाय केला पण तो फसला, तर तेही कारण कायद्यानं मानलं होतं. मी मंजुरी घेतली आणि मोठ्या उत्साहानं पेंटरकडून पाटी रंगवून घेतली. त्यानं ‘गर्भपात’ हा शब्द लाल रंगात एवढा ठळक काढला की आठवडाभर जिना कुणी चढेना. बाळंतपणाला नाव घातलेल्या बायकाही समोरच्या फुटपाथवरून वर बघून निघून जायच्या. शेवटी पाटी उतरवली. तरीही ज्यांना कळायचं त्यांना कळलं.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी, आणीबाणीच्या आधी, ही गोष्ट घडली. माणसांची नावं मी बदलली आहेत. स्वभाव बदललेले नाहीत.

जूनमधल्या एका दुपारी कसबा बावड्याहून अक्काताई आपल्या सुनेला घेऊन आल्या. अक्काताई म्हणजे नऊवारीचा घट्ट काष्टा आणि आवाज असा की वर बोलल्या तर खालच्या दुकानातलं गिऱ्हाईक चमकून छताकडं बघायचं. सून शालन तिशी ओलांडलेली, तीन मुलांची आई, हाडं मोजून घ्यावीत अशी. ओठांना रंग म्हणून नव्हता.

‘‘कावीळ झाल्या हिला,’’ अक्काताईंनी बसायच्या आतच निदान सांगून टाकलं. ‘‘खाल्लेलं पोटात ठरंना. इंजेक्शन द्या आनि सोडा.’’

मी शालनला पडद्याआड नेऊन तपासलं. कावीळ नव्हती. पाळीची तारीख विचारली तेव्हा ती हळूच म्हणाली, ‘‘चैतातल्या जोतिबाच्या यात्रंत आल्ती, बाई. त्येच्या म्होरं न्हाय.’’

‘‘शालन, तुम्हाला दिवस गेलेले दिसतात.’’

ती पुटपुटली, ‘‘कसं व्हईल? आत्यांना इतक्यात सांगू नगासा.’’

आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. आणि आत्यांचा कान पडद्याला लागलेलाच होता. पडदा कड्यांसकट ओढला गेला.

‘‘दिवस? कसं जातील दिवस? माझ्या ल्योकाचं आपरेशन झालंय की!’’

बाहेर बाकड्यावर आठ-दहा बायका बसल्या होत्या. सगळ्यांच्या माना पडद्याकडं वळल्या. अक्काताईंचा मुलगा आनंदराव साखर कारखान्यात फिटर. गुढीपाडव्यानंतर लगेच त्यानं शिबिरात जाऊन नसबंदी करून घेतली होती, आणि गल्लीला सांगितलं होतं हर्नियाचं ऑपरेशन. घरातल्या तिघांशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. आता राजारामपुरीतल्या बाकड्याला ठाऊक झालं, आणि त्या बाकड्यावर बावड्याच्या दोघी होत्या.

आमच्या सिस्टर जैबूनआपा औषधाच्या कपाटापाशी उभ्या होत्या. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या कोल्हापूरचं, आणि जीभही. त्या म्हणाल्या, ‘‘अक्काताई, जरा हळू की. राजारामपुरीला कळलं. आता रंकाळ्यापत्तूर पोचवायचं हाय काय?’’

पण अक्काताईंना तेवढ्यात दुसरंच सुचलं होतं. त्या सुनेकडं वळल्या. आवाज पहिल्यांदाच खाली आला, आणि तो मोठ्या आवाजापेक्षा वाईट होता.

‘‘कुनाचं?’’

शालननं पदर सारखा केला. ‘‘तीन ज्येचं हायत, त्येचंच.’’

‘‘आनंदालाच धाडून देतो,’’ असं म्हणून अक्काताई धाडधाड जिना उतरून गेल्या. (आमच्याकडच्या बायका ‘मी जातो, मी येतो’ असंच बोलतात. बाहेरच्यांनी बुचकळ्यात पडू नये.) शालन मागोमाग गेली नाही. ती बाकड्याच्या टोकाला बसली आणि मला म्हणाली, ‘‘बाई, ह्येचा सोक्षमोक्ष लागल्याशिवाय मी त्या घरात पाय ठेवनार न्हाय. मला हितंच कुठंतरी पडू द्या.’’

मागची एक खाट रिकामी होती. जैबूनआपांनी न विचारता त्यावर चादर घातली.

आनंदराव संध्याकाळी कामावरून थेट आले. दार भरून टाकणारा गडी, भरघोस मिशा, हाताला ऑइल. खिशातून त्यांनी शिबिराचं सर्टिफिकेट काढून माझ्या टेबलावर ठेवलं.

‘‘हे बघा, बाई. सरकारनं केलंय. शिक्का हाय. आता सांगा.’’

मी म्हटलं आधी खात्री तर करू. दुसऱ्या दिवशी सकाळी बाटली लॅबला गेली आणि दुपारी निरोप आला, बेडूक हो म्हणतोय. मी आनंदरावांना बोलावून सांगितलं. बेडकाची हकीकत ऐकून ते खुर्चीतून उठले.

‘‘बेडकाच्या साक्षीवर माझा संसार मोडायचा व्हय?’’

‘‘बेडूक संसार मोडत नाही, आनंदराव. बाई गरोदर आहे एवढंच सांगतो.’’

‘‘दुसरा बेडूक बघा.’’

लॅबवाल्या डॉक्टरांना हा स्वतःचा अपमान वाटला. ‘‘माझा बेडूक आजवर खोटं बोललेला नाही,’’ असं त्यांनी कळवलं. तरी माझ्या शब्दाखातर त्यांनी दुसरा बेडूक लावला. त्यानंही हो म्हटलं. आनंदराव मिशीवरून हात फिरवत उभे राहिले, तेव्हा जैबूनआपा म्हणाल्या, ‘‘आता काय सरपंच बेडूक बोलवायचा व्हय, पावणं?’’

मी त्यांना बसवलं आणि समजावायला घेतलं. कागदावर चित्र काढलं. शुक्रवाहिनी, शुक्राशय, इथं कापतात, इथं बांधतात. ते मान डोलवत होते, आणि ज्या मानेला काही कळत नाही तीच इतकी जोरात डोलते हे मला अनुभवानं ठाऊक होतं. मी चित्र बाजूला सारलं.

‘‘तुम्ही फिटर ना? रसाच्या पाइपाचा कॉक तुम्ही बंद केलात. पुढं काय होतं?’’

‘‘रस थांबतो.’’

‘‘लगेच? शेवटच्या टोकाला?’’

‘‘लगीच कसा थांबंल? कॉक बंद केला तरी फुडच्या पायपात हाय तेवढा रस ऱ्हातोयच की. त्यो निघून जायाला...’’

ते बोलता बोलता थांबले. तोंड तसंच उघडं राहिलं. मग त्यांनी माझ्या चित्राचा कागद हळूच पुन्हा पुढं ओढला आणि बोटानं पाइप शोधला.

‘‘आयला,’’ ते म्हणाले. ‘‘म्हंजे माल फुडं शिल्लक हुता.’’

‘‘होता. म्हणूनच ऑपरेशननंतर तीन महिने काळजी घ्यायची असते. मग तपासून घ्यायचं, आणि सगळं साफ आहे असं कळलं की मगच निर्धास्त व्हायचं. शिबिरात सांगितलं नव्हतं?’’

‘‘सांगितलतं.’’

‘‘निरोधची पाकिटं दिली नव्हती?’’

‘‘दिलती की.’’

‘‘मग?’’

आनंदराव छताच्या पंख्याकडं बघायला लागले. ‘‘शेतातल्या मोटारीच्या पायपाचा जॉइंट गळत हुता, बाई. इतकं ब्येस रबर. चिवट. हातात घेतलं आनि वाटलं, ह्ये असल्या कामाला वाया घालवायचं?’’

‘‘सगळी पाकिटं?’’

‘‘जॉइंट दोन हुते.’’

जैबूनआपा तोंडाला पदर लावून गॅलरीत गेल्या. मी महत्प्रयासानं गंभीर राहून विचारलं, ‘‘आणि आता?’’

‘‘आता थेंब गळत न्हाय,’’ ते म्हणाले, आणि त्यात थोडा अभिमान होता हे मी शपथेवर सांगेन.

मग मात्र त्यांचा चेहरा पडला. मी त्यांना सांगितलं की वीर्य तपासता येईल. त्यात जिवंत शुक्रजंतू सापडले तर तुमच्याकडून मूल राहू शकत होतं, एवढं सिद्ध होईल. मूल कुणाचं हे कुठलाही रिपोर्ट सांगणार नाही. तेवढं बायकोच्या शब्दावरच घ्यावं लागतं.

‘‘तिच्या शब्दावर माझा इस्वास हाय, बाई. माझंच डोस्कं फिरलं हुतं.’’ खाटेच्या दिशेनं बघायचं धैर्य मात्र त्यांना झालं नाही. ‘‘पन आईला आनि गल्लीला रिपोर्ट पायजे. करूया.’’

नमुना लॅबमध्येच द्यायचा असतो. आनंदराव लॅबच्या मोरीत गेले आणि तसेच परत आले. ‘‘दार वाजवालेत, बाई. मानसाला शांतपनी मोरीत बी बसू देत न्हाईत थितं.’’ तेव्हा मी त्यांना स्वच्छ बाटली देऊन सांगितलं, घरून आणा, पण अंगाच्या उबेत ठेवा आणि वाटेत वेळ काढू नका. दुसऱ्या दिवशी ते बाटली शर्टाच्या आत छातीशी धरून बावड्याहून सायकलवर निघाले. असा धिप्पाड माणूस, एक हात शर्टात, जिवाच्या आकांतानं पायडल मारतोय, हे बघून चौकातल्या पोलिसानं शिट्टी फुंकली. त्याला वाटलं हातभट्टीची दारू. बाटली बाहेर काढायला लावली. ‘‘ह्ये काय हाय?’’ ‘‘औषध.’’ ‘‘कसलं औषध? उघड. वास घेतो.’’

‘‘घ्या, साहेब,’’ आनंदराव म्हणाले, ‘‘पन आदी समजून घ्या कशाचा घेताय त्ये.’’ आणि त्यांनी समजावून सांगितलं. पोलिसानं त्यांना पुढं जायला वाट करून दिली. नुसती वाट नाही, रिक्षा थांबवून धरल्या.

लॅबमध्ये आनंदराव रिपोर्टाच्या कागदासाठी थांबलेच नाहीत. फिटर माणूस, स्वतः बघितल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही. त्यांनी डॉक्टरांच्या मागं लागून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. त्यानंतर जे घडलं ते मी माझ्या टेबलाशी बसून ऐकलं. जिन्यावर दणदण पावलं वाजली आणि भरलेल्या बाकड्यासमोर येऊन तो माणूस ओरडला, ‘‘बाई! जित्ती हायत! पळायल्यात की! थोडी हायत, पन काय पळायल्यात!’’

स्वतःच्या पराक्रमाचा असा आनंद मी फार थोड्या पुरुषांच्या तोंडावर पाहिला आहे. तो क्षणभरच टिकला. मागच्या खोलीच्या दारात शालन उभी होती. आनंदराव खाली बघून म्हणाले, ‘‘चुकलं माझं.’’

‘‘मला नगा सांगू,’’ शालन म्हणाली. ‘‘आत्या जितं वरडल्या, तितंच त्येस्नी वरडून सांगू द्या. मग बघू.’’

मला वाटलं हे काही जमायचं नाही. अक्काताईंसारखी बाई सुनेच्या सांगण्यावरून चारचौघांत माघार घेणार? पण दुसऱ्या दिवशी त्या आल्या. हातात सुनेसाठी डबा. मुलानं पाइपाची हकीकत आणि शालनची अट त्यांना रात्री सांगितली असणार, कारण त्या आल्या त्या थेट बाकड्यासमोर उभ्या राहिल्या. बसलेल्या बायकांमध्ये आदल्या खेपेची एकही नव्हती. अक्काताईंना त्याची फिकीर नव्हती.

‘‘ऐका गं समद्या जनी! माझ्या सुनंचं काय सुदीक चुकलेलं न्हाय! माझ्या ल्योकाचा कॉक बंद झाल्ता, पन पायपात शिल्लक हुतं! त्येला डॉक्टरनी सांगितलतं, त्येनं ऐकलं न्हाय! त्येनं समदी रबरं मोटारीला बांधली!’’

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. एकजण पोटाशी हात धरून तळमळत आली होती, तीसुद्धा कळ विसरून ऐकत होती. ‘‘आनि मी,’’ अक्काताईंचा आवाज इथं जरासा घसरला, ‘‘मी हिला नको ते बोललो. माझी जीभ झडू दे.’’ मग त्या आत आल्या, खाटेवर डबा उघडला आणि म्हणाल्या, ‘‘खा आता. गरम हाय.’’

शालननं डबा हातात घेतला. इथं सिनेमा असता तर संपला असता. पण पोटातला प्रश्न पोटातच होता.

रिपोर्ट आल्यापासून त्या घरात वेगळीच हवा होती. आनंदरावांना वाटत होतं, इतक्या अडचणीतनं मार्ग काढून आलेलं पोर जबरदस्त निघणार. अक्काताई म्हणत होत्या, ‘‘देवानंच धाडलंय. सरकारला जुमानलं न्हाय त्येनं. ठिवूया. नातू व्हईल.’’ दोघं मायलेक माझ्या टेबलासमोर बसून बारशाच्या गोष्टी करत होते. शालन भिंतीकडं बघत होती.

मी दोघांना बाहेर बसायला सांगितलं. जैबूनआपांनी दार लावलं आणि पडद्याऐवजी स्वतः दाराला टेकून उभ्या राहिल्या. मग मी शालनला दोन्ही बाजू सांगितल्या, जशा नेहमी सांगायचे तशाच.

मूल ठेवायचं असेल तर ठेवता येईल. पण तुमच्या अंगात रक्त फार कमी आहे. तिसऱ्या बाळंतपणात वार अडकून रक्त वाहिलं होतं, ते पुन्हा होऊ शकतं. तेव्हा आजपासून लोहाची इंजेक्शनं, दर महिन्याला तपासणी, घरी बाळंतपण अजिबात नाही, मोठ्या दवाखान्यात रक्ताची बाटली तयार ठेवून. नको असेल तर आता मुदत आहे. थोडी भूल देऊन पिशवी साफ करायची, संध्याकाळी घरी. त्यालाही धोका नाही असं नाही: रक्त जातं, जंतू शिरू शकतात, क्वचित पिशवीला इजा होते. रक्त कमी असल्यामुळं तिथंही बाटली हाताशी ठेवीन. पण योग्य वेळी, योग्य जागी केलं तर बाळंतपणापेक्षा हा धोका कमी. जितका उशीर, तितका तो वाढतो. ठेवलंत तरी मी तुमचीच डॉक्टर, नाही ठेवलंत तरी मीच.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, ‘‘सही कुनाची लागती?’’

‘‘तुमची.’’

‘‘आनि त्येंची?’’

‘‘नाही लागत. बऱ्याच ठिकाणी नवऱ्याची मागतात. कायदा फक्त तुमचीच मागतो.’’

‘‘माझ्या एकटीची?’’

‘‘एकटीची.’’

ती म्हणाली, ‘‘तिसऱ्याच्या वक्ताला मी मेलोच हुतो की, बाई. धाकटं बारकं असताना त्येला घ्यायला हातात जोर न्हवता. शेजारनीनं पाजलं. तवा पन कुनी इचारलं न्हवतं, ठिवायचं का न्हाय. तीन हायती. त्येस्नी आई पायजे.’’ पदरानं तोंड पुसून ती म्हणाली, ‘‘बोलवा आत दोघास्नी. मीच सांगतो.’’

सांगताना तिचा आवाज चढला नाही. अक्काताईंनी ऐकलं आणि त्या माझ्याकडं वळल्या. ‘‘त्येच्या सहीबिगार कसं करतासा तुमी?’’

‘‘लागत नाही, अक्काताई.’’

आनंदराव गोंधळले. ‘‘माझी कायच सही न्हाय?’’

‘‘तुमची शिबिरात झाल्या की,’’ शालन म्हणाली. ‘‘तवा मी काय म्हनलो का?’’

आनंदरावांनी आईकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मग बायकोकडं नीट पाहिलं. मला वाटतं त्या आठवड्यात पहिल्यांदाच. तिच्या मनगटाकडं त्यांचं लक्ष गेलं. बांगड्या सैल होऊन कोपरापर्यंत जात होत्या. ते म्हणाले, ‘‘आई, गप बस. ती म्हनती तसं.’’ अक्काताई गप्प बसल्या. मात्र त्यांना मनापासून पटलं असं मी म्हणणार नाही. पुढं किती तरी वर्षं त्या बावड्याच्या कुणाकुणाला घेऊन माझ्याकडं यायच्या, आणि प्रत्येक वेळी जाता जाता एखादं तरी वाक्य त्या न झालेल्या नातवावर टाकायच्या.

मी शालनला विचारलं होतं, आता बायकांचं नसबंदीचं ऑपरेशनही करून टाकायचं का. ती म्हणाली, ‘‘एका घरात दोन आपरेशनं कशाला? त्येंचंच नीट हू द्या.’’

ठरल्या दिवशी सकाळी सगळं नीट पार पडलं. रक्ताच्या बाटलीची गरज लागली नाही. आनंदराव जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून होते. जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक बाईला वाट देण्यासाठी उठत होते आणि पुन्हा बसत होते. तिच्यासाठी रक्त द्यायला ते आदल्या दिवशी जाऊन आले होते. आतनं सांगितलं की ती शुद्धीवर आहे, तेव्हा तो धिप्पाड माणूस पायरीवरच रडला. जैबूनआपांनी त्यांना चहा दिला आणि म्हणाल्या, ‘‘रडा, पावणं. पन वाट सोडून रडा. बाळंतीन यायल्या.’’

पुढं त्यांचे दोन रिपोर्ट लागोपाठ साफ आले. शालनच्या अंगावर इंजेक्शनांनी आणि अक्काताईंच्या खाण्यानं मांस चढलं. तिची मुलं मोठी झाली. पण मला ती आठवते ती घरी निघाली त्या संध्याकाळची. आनंदरावांनी रिक्षा आणली होती. त्यांनी बायकोला एकेक पायरी सांभाळत खाली उतरवलं, रिक्षात बसवलं, पाय पोटाशी घ्यायला लावले. अक्काताई शेजारी बसल्या. मग काहीतरी राहिल्यासारखं करून ते पुन्हा वर आले आणि माझ्या टेबलापाशी घुटमळले. एवढा मोठा आवाज असलेल्या घरातला माणूस, पण मला कान पुढं करावा लागला.

‘‘बाई, त्ये... रिपोर्ट साफ येस्तोवर पाकिटं लागतील न्हवं?’’

मी खणातून पाकिटं काढली आणि सूचना द्यायला त्यांच्याबरोबर खाली रिक्षापर्यंत गेले. त्यांनी हात पुढं केला. तेवढ्यात रिक्षाच्या आतून शालनचा हात बाहेर आला. अशक्त, पण सरळ.

‘‘त्येंच्याकडं नगो, बाई,’’ ती म्हणाली. ‘‘माझ्याकडं द्या.’’